योगक्षेमाचा भार विठ्ठलावर : श्री संत तुकाराम महाराज

वारकरी संप्रदायाचे कळस म्हणून ज्यांच्यापुढे सारा महाराष्ट्र नतमस्तक होतो, ते श्री संत तुकाराम महाराज इंद्रायणीकाठच्या देहू गावी सन 1608 च्या सुमारास जन्मास आले. वडील बोल्होबा, मातोश्री कनकाई. घरी शेतीवाडी, दुकान, सावकारी व गावची महाजनकी होती. पंढरीची वारी कुळातच होती आणि पूर्वज विश्वंभरबाबांनी स्थापिलेले विठ्ठलमंदिर गावात होते. थोरले बंधू सावजी विरक्त असल्याने प्रपंचाचा भार लहान वयातच तुकोबांवर पडला.

पुढे आईवडील निवर्तले. सन 1629-30 चा भीषण दुष्काळ आला. व्यापार बुडाला, दिवाळे निघाले. प्रथम पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेल्या, पुत्र संतूही गेला. उद्या काय खायचे, ही चिंता महाराजांनी ऐकलेली नव्हती, घरात भोगलेली होती.

अशा वेळी त्यांनी मनावर घेतले ते पडझड झालेल्या विठ्ठलमंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम. गाठीस पैसा नव्हता, म्हणून स्वतः अंगमेहनत करून त्यांनी देऊळ उभे केले व तेथे एकादशीस कीर्तन आरंभिले.

वडिलार्जित सावकारीची खतपत्रे घरात होती. धाकटे बंधू कान्होबा यांस संसार चालविणे होते, म्हणून निम्मी खते त्यांस दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. यात मोठा अर्थ आहे. महाराजांनी दुसऱ्याचे देणे बुडविले नाही, स्वतःचे येणे सोडले. दुष्काळाने पिचलेल्या कित्येक कुळांच्या घरची चिंता त्या पाण्यात वाहून गेली. देवावर भार टाकणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे, हे त्यांनी कृतीने दाखविले. द्वितीय पत्नी जिजाबाईंनी ओढगस्तीत संसार रेटला, भंडारा डोंगरावर भाकरी पोहोचविली. त्या माउलीचे कष्टही विसरता येत नाहीत. शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा तुकोबांनी परत केला, असे परंपरा सांगते.

सन 1650 मध्ये फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराज वैकुंठवासी झाले. पुत्र नारायण महाराजांनी सन 1685 मध्ये पालखी सोहळा सुरू केला. तो आजही चालू आहे.

सन 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील गावांची भातशेती व मिठागरे नव्या शहरासाठी गेली. शेत गेले, आता खायचे काय, हा प्रश्न आगरी-कोळी बांधवांच्या घरोघरी उभा राहिला. हक्कासाठी लढावे लागले, तसेच सप्ताहात टाळही वाजत राहिले. कष्ट सोडू नये आणि काळजीने खचूही नये, हाच देहूचा धडा आहे.

ग्रामस्थांच्या श्रमांतून व दात्यांच्या दानातून पूर्ण झालेल्या या मंदिरात येणाऱ्या प्रत्येकाच्या मनावरचा भार हलका होवो, हीच पांडुरंगचरणी प्रार्थना.