राजा भोजाचे धरण

उज्जयिनीच्या देवास गेटवरून भोपाळची बस सुटते. भोपाळच्या पुढे, बेटवेच्या काठी भोजपूर आहे. आमच्या विद्यार्थ्यांना राजा भोज ठाऊक असतो तो गंगू तेल्याच्या म्हणीपुरता. भोजपूरचा फुटका बांध पाहिला म्हणजे तो राजा निराळाच भासू लागतो.

उज्जयिनी ही त्याच्या परमार पूर्वजांची राजधानी; भोजाने धारा नगरीतून राज्य केले. चुलता मुंज याचा दक्षिणेच्या तैलप चालुक्याने अंत केला. पिता सिंधुराज याच्यामागून इ. स. १०१० च्या सुमारास भोज गादीवर आला. १०२० च्या दोन ताम्रपटांत त्याच्या कोकणविजयाचा उल्लेख आहे. आम्ही कोकणचे, तेव्हा तो वाचताना थोडी मौज वाटते. काव्यशास्त्रापासून वास्तुविद्येपर्यंत अनेक ग्रंथ त्याच्या नावावर आहेत.

पाण्याची त्याला विलक्षण ओढ असावी. काश्मीरात कपटेश्वर येथे त्याने कुंड बांधविले आणि तेथील तीर्थाचे पाणी तोंड धुण्यासाठी काचेच्या कुंभांतून माळव्यात येई, असे कल्हणाने लिहून ठेवले आहे. हा झाला राजाचा शौक.

भोजपूरचे काम त्या जातीचे नव्हे. डोंगरांच्या वेढ्यातील खिंडी बांध घालून बंद केल्या. बांधाच्या दोन्ही अंगांस चुन्याशिवाय बसविलेल्या प्रचंड घडीव शिळा, पोटात माती. कलियासोत नदीही वळवून तळ्यात आणली. सांडवा बांधापासून दूर, खडकात खोदला. कारण पाणी बांधावरून गेले असते तर मातीचा गाभाच वाहून जाता.

१०५५ च्या सुमारास गुजरातचा भीम आणि चेदीचा कर्ण यांनी एकजुटीने माळव्यावर चढाई केली. त्यातच भोज आजाराने वारला. धरणाने पुढे सुमारे चारशे वर्षे पाणी अडविले. पंधराव्या शतकात माळव्याचाच सुलतान होशंगशहा याने ते फोडविले. सैन्याला तीन महिने लागले, तळे रिते व्हायला तीन वर्षे आणि तळ वस्तीजोगा व्हायला तीस, असे तिकडे सांगतात. शत्रूने नव्हे, त्याच भूमीच्या धन्याने हे करावे याचे आम्हांस नवल वाटते.

उरलेला बांध आज संरक्षित स्मारक आहे. भोपाळचा मोठा तलावही भोजाचाच मानतात. तो वाचला, आणि शहर आजही त्याचे पाणी पिते. भोजपूरच्या तळ्याच्या जागी मात्र शेते आहेत. तळ्यातील एका बेटाचे नाव जवळच्या गावाने टिकविले आहे. त्या गावी आता कारखाने आहेत, रेल्वेचे स्थानक आहे. सभोवती पाणी नाही, पण पाटीवर अजून मंडीदीप असेच लिहिलेले असते.