माझगावचे गॅजेटवेडे इंजिनिअर : अर्देशीर कर्सेटजी वाडिया



आज वाचायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. घरातला मोबाइल हातात घ्या. टॉर्च लावून बघा. कॅमेरा उघडा. मोठ्यांना विचारून सिमकार्ड बाहेर काढा आणि त्यावरचे सोनेरी चौकोन नीट बघा. मोबाइलला चामड्याचं कव्हर असेल, तर त्याच्या कडेची शिवण बघा, किती सरळ आणि एकसारखी आहे.

झालं? बटण दाबताच लागणारा उजेड, फोटो, धातूवर चढवलेला दुसऱ्या धातूचा पातळ मुलामा आणि मशीनची शिलाई. या चारही गोष्टी मुंबईला पहिल्यांदा ज्यांनी दाखवल्या असं सांगितलं जातं, त्या माणसाची आज ओळख करून घेऊ. त्यांनी मोबाइल सोडाच, साधा टेलिफोनसुद्धा वापरला नसेल. ते वारले तेव्हा टेलिफोनचं पेटंट निघून पावणेदोन वर्षंही झाली नव्हती. पण नवीन यंत्र दिसलं की हात शिवशिवणं, हा जो तुमच्या वयाचा आजार आहे ना, तो त्यांना पक्का जडला होता. त्यांचं नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया, आणि त्यांचा बंगला होता माझगावात.

आजचं माझगाव तुम्हाला माहीत आहे. डॉकयार्ड रोड स्टेशन, वर भंडारवाड्याची टेकडी, खाली माझगाव डॉक, जिथे नौदलाच्या युद्धनौका आणि पाणबुड्या बांधतात. दोनशे वर्षांपूर्वी चित्र वेगळं होतं. मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी हे एक बेट. समुद्राकाठी कोळी लोक, आंब्याची झाडं आणि मधे श्रीमंतांचे बाग असलेले बंगले. त्या शांत माझगावात एका बंगल्यातून हातोड्याचे आवाज यायचे, कारण मालकाने घरातच भट्टी घातली होती.

वाडिया म्हणजे जहाजं बांधणारं घराणं. लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली सुरतेहून मुंबईला आले आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीत जहाजबांधणी सुरू झाली. ही गोदी कोटात होती, आजच्या नेव्हल डॉकयार्डच्या जागी. सागवानी लाकडाची त्यांची जहाजं इतकी दणकट की इंग्लंडच्या आरमारानेही ती बांधून घेतली. १८१७ साली मुंबईत बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज आजही इंग्लंडमधल्या हार्टलपूल इथे पाण्यावर तरंगतं आहे. या घराण्यात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर जन्मले आणि १८२२ मध्ये, म्हणजे तुमच्या आठवी-नववीच्या वयात, गोदीत कामाला लागले.

मुलगा घरचा धंदा शिकला असता, तर कुणालाच नवल वाटलं नसतं. पण १८२९ साली गोदीतून ‘ह्यू लिंडसे’ नावाची आगबोट पाण्यात उतरली आणि १८३० च्या मार्चमध्ये ती मुंबईहून सुएझला निघाली. वारा असो नसो, वाफेवर चालणारी बोट! अर्देशीर तेव्हा एकवीस वर्षांचे होते. आता एक गोष्ट लक्षात घ्या. या बोटीचा सांगाडा वाडियांनी मुंबईत बांधला होता, पण इंजिन आलं होतं इंग्लंडहून. डबा आपला, आतलं यंत्र परक्याचं. आज मोबाइलच्या बाबतीत आपण ज्यावर वाद घालतो, तोच प्रश्न. बाहेरची जुळणी इथे होते, पण आतली चिप कुणाची?

अर्देशीर सागवान सोडून लोखंडाच्या मागे लागले. त्यांना शिकवायला इंजिनिअरिंग कॉलेज नव्हतं, यूट्यूब तर नव्हतंच. त्यांनी इंग्रजी पुस्तकं वाचली, गोदीत आलेली यंत्रं पाहिली आणि घरच्या भट्टीत ओतकाम सुरू केलं. पहिल्यांदा बनवलं ते छोटंसं, एक अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन. मग १८३३ साली ‘इंडस’ नावाचं साठ टनांचं जहाज बांधून त्यात इंजिन बसवलं. बागेला पाणी घालण्यासाठी वाफेवर चालणारा पंपही त्यांनी मुंबईत आणला. विहिरीवर मोट चालण्याचे ते दिवस. शेजाऱ्यांना काय वाटलं असेल?

१८३४ साली त्यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळवली. मुंबईत तोवर रात्रीचा उजेड म्हणजे खोबरेल किंवा एरंडेलाचे दिवे, मेणबत्त्या आणि मशाली. गॅसचा दिवा आपल्याला सोपा वाटतो, पण त्या काळी सिलिंडर घरी येत नव्हता. गॅस स्वतःच तयार करावा लागे. दगडी कोळसा बंद भांड्यात हवा न लागू देता तापवायचा, निघालेला वायू पाण्यातून नेऊन धुवायचा, डांबर वेगळं काढायचं, वायू टाकीत साठवायचा आणि मग नळ्यांतून खोलीखोलीत न्यायचा. एखादा सांधा गळला तर स्फोटाची भीती. थोडक्यात, नुसता दिवा लावायचा नव्हता, दिव्यामागची सगळी व्यवस्था उभी करायची होती. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर हा प्रकार बघायला माझगावात आले आणि त्यांनी अर्देशीर यांना मानाची वस्त्रं दिली. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायला त्यानंतर एकतीस वर्षं जावी लागली. ते साल होतं १८६५.

(वर्गात हा भाग सांगितला की कुणीतरी हमखास विचारतं, सर, त्यांनी या सगळ्याचे पैसे कुठून आणले? प्रश्न अगदी बरोबर आहे. घर सधन होतं, हे विसरू नका. पण त्या काळात माझगावात सधन घरं पुष्कळ होती आणि भट्टी एकाच घरात पेटली.)

१८३९ मध्ये अर्देशीर इंग्लंडला निघाले. सुएझ कालवा तेव्हा नव्हता. मुंबईहून सुएझपर्यंत बोट, तिथून इजिप्तची जमीन ओलांडून अलेक्झांड्रिया आणि पुन्हा बोट. तिकडे वर्षभर राहून त्यांनी कारखाने, गोद्या आणि इंजिनं पाहिली. राणी व्हिक्टोरियाची भेटही झाली. या सगळ्याची रोजनिशी त्यांनी लिहिली आणि १८४० साली ती लंडनमध्ये पुस्तकरूपाने छापून आली. सहलीला गेल्यावर आपण सेल्फी काढतो, त्यांनी काय काय पाहिलं ते लिहून ठेवलं.

पण ते नुसते बघायला गेले नव्हते. मुंबईत कंपनीचा आगबोटींचा कारखाना आणि ओतशाळा होती. तिच्या मुख्य इंजिनिअरच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला. विचार करा, ही १८४० ची गोष्ट. एक हिंदी माणूस, ज्याच्या हाताखाली इंग्रज कामगार असतील, अशी जागा मागतो आहे. आणि कंपनीच्या संचालकांनी ती दिली! १ एप्रिल १८४१ रोजी त्यांनी काम हाती घेतलं. त्यांच्या हाताखाली शंभराच्या आसपास युरोपियन इंजिनिअर आणि बॉयलर बनवणारे, तर दोनशेच्या आसपास इथले कारागीर होते.

हे सगळ्यांना रुचलं असं समजू नका. मुंबईच्या ‘बॉम्बे टाइम्स’ या इंग्रजी वर्तमानपत्राने टीका केली. त्यांचा मुद्दा असा होता की एतद्देशीय माणूस कितीही शिकलेला असला, तरी युरोपियन कामगारांवर हुकूम चालवणं त्याला जमणार नाही. अर्देशीर यांना इंजिन समजत नाही असं त्यांनाही म्हणता आलं नाही, हे बघा. आक्षेप ज्ञानावर नव्हताच, जन्मावर होता. अर्देशीर त्या जागेवर सोळा वर्षं टिकले, १८५७ पर्यंत. मला विचाराल तर गॅसच्या दिव्यांपेक्षा ही सोळा वर्षं मोठी. दिवे एका रात्रीत लोकांना दिपवतात. रोज सकाळी कारखान्यात जाऊन, आपल्याला कमी लेखणाऱ्या माणसांकडून काम नीट करून घेणं, हे फार कठीण.

त्याच वर्षी दुसरी गोष्ट घडली. २७ मे १८४१ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं. न्यूटन ज्या संस्थेचे अध्यक्ष होते, तीच ही संस्था. असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे बरेच जण इथे रामानुजन यांचं नाव लिहून येतात. रामानुजन दुसरे, आणि तेही १९१८ साली. मधे गेली सत्त्याहत्तर वर्षं!

सोसायटीकडे त्यांच्या नावाची शिफारस झाली, त्यात दोन कामांचा खास उल्लेख आहे. एक मुंबईतला गॅसचा उजेड आणि दुसरं साठ टनांचं जहाज. ही दोन्ही कामं फक्त इथल्या कारागिरांना हाताशी धरून केली, हेही त्यात मुद्दाम नोंदवलं आहे. ज्यांनी नळ्या जोडल्या, साचे केले, भट्टीसमोर घाम गाळला, त्यांची नावं मात्र त्या कागदात नाहीत. अर्देशीर यांचं नाव लक्षात ठेवाल तेव्हा त्यांचीही आठवण ठेवा.

आता सुरुवातीच्या सिमकार्डाकडे वळू. फोटो काढण्याची डॅगेर यांची पद्धत १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली. विजेच्या साहाय्याने सोन्याचांदीचा मुलामा देण्याचा धंदा इंग्लंडमध्ये सुरू झाला तो १८४० च्या सुमारास. म्हणजे अर्देशीर तिकडे होते तेव्हा ही दोन्ही ताजी गॅजेट्स होती. ती मुंबईत आणण्याचं आणि इथल्या लोकांना करून दाखवण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. पुढे शिवणयंत्राच्या बाबतीतही तेच. सिमकार्डावर जो सोन्याचा थर असतो, तो गंज चढू नये आणि वीज नीट वाहावी म्हणून असतो, आणि तो चढवण्यामागचं तत्त्व तेच जुनं आहे. द्रावणात वस्तू बुडवायची, वीज सोडायची, धातूचे कण येऊन तिच्यावर बसतात.

एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या बरोबरीने त्यांनी एतद्देशीय मुलांना यंत्रशास्त्र आणि रसायनशास्त्रही शिकवलं. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर शिकवायचे, ती हीच संस्था.

१८४९ मध्ये ते अमेरिकेलाही जाऊन आले आणि लाकूड कापायची यंत्रं घेतली. फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांची ‘लवजी फॅमिली’ ही आगबोट पाण्यात उतरली. तिचे सगळे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत तयार झाले होते. ‘ह्यू लिंडसे’ आठवते ना? तिचं इंजिन इंग्लंडहून आलं होतं. बावीस वर्षांनी डबाही आपला आणि यंत्रही आपलं. आणि ही बोरीबंदर ते ठाणे पहिली रेल्वे धावण्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट आहे.

मग मागे का पडलो, असा प्रश्न तुम्हाला पडेलच. एक कारण मला असं दिसतं की हे सगळं एका घरात, एका माणसाभोवती उभं राहिलं होतं. तसे कारखाने जागोजागी निघावेत, हे कंपनी सरकारला नको होतं. त्यांना मुंबईत दुरुस्ती हवी होती, इंजिनं विकत द्यायला त्यांचे कारखाने होतेच. आज लॅमिंग्टन रोडवर काच बदलून देणारा, चार्जिंगचा पॉइंट डागून देणारा कुशल माणूस दर दहा पावलांवर भेटतो, पण तो दुरुस्त करत असलेल्या मोबाइलमधली चिप मात्र बाहेरून आलेली असते.

१८५७ मध्ये निवृत्त झाल्यावर अर्देशीर इंग्लंडला गेले. १८६१ मध्ये पुन्हा बोलावणं आलं, ते सिंधमधल्या कोटरी इथे सिंधू नदीतल्या आगबोटींच्या कंपनीचे मुख्य इंजिनिअर म्हणून. दोन वर्षं ते काम करून १८६३ मध्ये ते कायमचे थांबले. भारतीय टपाल खात्याने १९६९ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढलं. कुणाच्या आजोबांकडे जुना तिकीटसंग्रह असेल तर शोधून बघा.

शेवटची वर्षं त्यांनी लंडनजवळच्या रिचमंडमध्ये काढली आणि १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तिथेच ते वारले. तोवर मुंबईच्या रस्त्यांवर रोज संध्याकाळी गॅसचे दिवे लागत होते.