चाळीस वेळा समजावणारे उस्ताद

कोकणातील बहुसंख्य मुस्लिम ज्यांच्या फिक्हचे अनुयायी आहेत, ते इमाम शाफई (रह.) हिजरी 150 मध्ये गाझा येथे जन्मले. मक्केत विधवा मातेजवळ उस्तादांना द्यावयास पैसे नव्हते. तरीही त्यांना शिकू दिले गेले. पुढे इजिप्तमध्ये ते स्वतः उस्ताद झाले. शिष्य मुजनी कुशाग्र, वादविवादात निपुण. रबीअ बिन सुलैमान यांना मात्र समजण्यास वेळ लागे. चरित्रकार सांगतात, एक मसला चाळीस वेळा सांगूनही रबीअ यांना उमगला नाही. ते लाजून मजलिसमधून उठून गेले. इमामांनी त्यांना एकांतात बोलावून उमगेपर्यंत समजावले.

हिजरी 204 मध्ये इमामांचा इंतकाल झाला. त्यांचा ‘किताबुल उम्म’ आपल्यापर्यंत पोहोचला तो याच रबीअ यांच्या रिवायतीने. आपल्या घरातील मुलाला ‘मंद’ म्हणण्यापूर्वी हे अवश्य आठवा.