डॉ. बिधानचंद्र रॉय

मुख्यमंत्री झाल्यावरही डॉ. बिधानचंद्र रॉय सकाळी काही रुग्णांना विनामूल्य तपासत असत. त्यांची ख्याती मुळात निष्णात वैद्य म्हणूनच होती. १ जुलै १८८२ रोजी पाटण्यात त्यांचा जन्म झाला. कोलकात्यात वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते इंग्लंडला गेले आणि एम.आर.सी.पी. व एफ.आर.सी.एस. या दोन्ही पदव्या अवघ्या सव्वादोन वर्षांत मिळवून १९११ मध्ये परतले. १९४३ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये महात्मा गांधींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले, तेव्हा त्यांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांमध्ये तेही होते.

जानेवारी १९४८ मध्ये पश्चिम बंगालचे मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे आले. फाळणीमुळे बंगाल दुभंगला होता आणि पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे येत होते. १९५० च्या दंगलींनंतर त्यांत मोठी भर पडली. सियालदह स्थानकाच्या फलाटांवरच कुटुंबांनी संसार मांडले. पंजाबातील निर्वासितांच्या मानाने बंगालला मिळणारी केंद्राची मदत फार तोकडी आहे, हे रॉय यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्रांतून रोखठोकपणे कळवले. पण प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. एवढ्या माणसांसाठी जमीन आणायची कोठून? निर्वासितांनी मोकळ्या जागांवर झोपड्या उभारल्या. जमीनमालक तक्रारी करू लागले. १९५१ मध्ये सरकारने अतिक्रमणे हटवण्यासाठी विधेयक आणले, तेव्हा निर्वासित रस्त्यावर उतरले. अखेर त्यांना पर्यायी जागा देण्याची तरतूद करावी लागली. पुढे अनेक कुटुंबांना दूरच्या दंडकारण्यात धाडण्यात आले. नद्या-खाड्यांच्या मुलखातील शेतकऱ्यांना ती कोरडी भूमी मानवली नाही. रॉय यांच्या काळातील पुनर्वसनाची ही उणी बाजूच म्हणावी लागेल.

माणसांनी तुडुंब भरलेल्या कोलकात्याचा भार हलका व्हावा, म्हणून शहराच्या पूर्वेकडील सॉल्ट लेक ही खाऱ्या पाण्याची दलदल बुजवून तेथे नवे नगर वसवण्याची योजना त्यांनी हाती घेतली. हुगळी नदीतील गाळ मोठ्या नळांवाटे आणून ही भर घालायची होती. एप्रिल १९६२ मध्ये काम सुरू झाले. अडीच महिन्यांनी, १ जुलै रोजी, ऐंशीव्या वाढदिवशीच रॉय यांचे निधन झाले.

१९७१ मध्ये पाकिस्तानी लष्कराने पूर्व पाकिस्तानात अनन्वित अत्याचार आरंभले आणि सुमारे एक कोटी माणसे भारतात आली. सॉल्ट लेकची जमीन तोवर तयार झाली होती. घरे मात्र तुरळकच होती. त्या उघड्या वाळूवर प्रचंड छावणी उभी राहिली. ताडपत्री मिळाली नाही त्या कुटुंबांनी सांडपाण्यासाठी आणून ठेवलेल्या सिमेंटच्या नळांत आसरा घेतला. डिसेंबरमध्ये बांगलादेश मुक्त झाल्यावर बहुतेक निर्वासित काही महिन्यांत परतले. त्यानंतर तेथे घरे वाढत गेली आणि त्या नगराला बिधाननगर हे नाव मिळाले.