विटा-सिमेंटची पुरातन जनावरे घडविणारा हॉकिन्स

सयाजीराव महाराजांनी उभारलेल्या बडोद्याच्या संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा मांडलेला आहे. लहानपणी तो पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट आठवत असेल. शेजारच्या पाटीवर काय लिहिले आहे ते कोणी वाचीत नाही. मूल सांगाड्याच्या शेवटापर्यंत चालत जाते, मागे वळून पाहते, आणि मग बरोबरच्या वडीलधाऱ्यांना विचारते, हा जिवंत असताना कसा दिसत होता? मुलांना हाडे दाखविली की ती मांस मागतात. ज्या प्राण्याला कोणत्याही माणसाने डोळ्यांनी पाहिलेले नाही, त्याचे मांस आणि कातडे आणावयाचे कोठून? ही अडचण शिक्षकाची आहे तशी शास्त्रज्ञाचीही आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एका इंग्रज मूर्तिकाराने ती अंगावर घेतली आणि उभा जन्म तिच्यात घालविला. बेंजामिन वॉटरहाऊस हॉकिन्स हे त्याचे नाव.

त्याचा जन्म 8 फेब्रुवारी 1807 रोजी लंडनमध्ये झाला. बाप चित्रकार. मुलाने विल्यम बेन्स या मूर्तिकाराच्या हाताखाली मूर्तिकला शिकून घेतली, पण माणसांचे पुतळे करण्यापेक्षा त्याला जनावरांचे वेड अधिक. डार्विन ज्या बीगल जहाजातून जगप्रवास करून आला, त्या प्रवासातील मासे आणि सरपटणारे प्राणी यांची शिळाछाप चित्रे हॉकिन्सच्या हातची आहेत. पुढे लॉर्ड डर्बीच्या नोझ्ली येथील खाजगी प्राणिसंग्रहात राहून त्याने 1842 ते 1847 या काळात जिवंत जनावरांचे रेखाटन केले. हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, मेलेल्या प्राण्यांना उभे करणाऱ्या या माणसाने आधी जिवंत प्राणी कसा उभा राहतो, बसतो, मान वळवितो हे वर्षानुवर्षे पाहिले होते. त्याच्या पुढील कामात जो जीव दिसतो तो तेथून आलेला आहे.

1851 साली लंडनमध्ये जे प्रचंड प्रदर्शन भरले, त्याचा काचमहाल, म्हणजेच क्रिस्टल पॅलेस, प्रदर्शन संपल्यावर उपसून सिडनम या उपनगरात नेण्यात आला. भोवती मोठे उद्यान करावयाचे ठरले. त्या उद्यानातील तळ्यांच्या बेटांवर नष्ट झालेल्या प्राण्यांच्या पूर्णाकृती प्रतिमा उभ्या कराव्यात अशी कल्पना निघाली आणि 1852 साली ते काम हॉकिन्सकडे आले. सल्ला देण्यासाठी रिचर्ड ओवेन होता. डायनोसॉर हा शब्द 1842 साली यानेच घडविला. तो विद्वान खरा, पण दुसऱ्याचे श्रेय गिळंकृत करण्यातही तितकाच तरबेज.

त्या वेळी इंग्लंडात खऱ्या अर्थाने तीनच डायनोसॉर ठाऊक होते. मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस. तिघांचीही हाडे अपुरी. इग्वानोडॉनचे नाव तर केवळ दातांवरून पडलेले. ते दात इग्वाना जातीच्या सरड्याच्या दातांसारखे दिसले म्हणून गिडिअन मँटेल या ससेक्समधील डॉक्टराने 1825 साली ते नाव दिले. मूठभर दात, काही हाडे आणि एक टोकदार अस्थी एवढ्या भांडवलावर हत्तीहून मोठे जनावर उभे करावयाचे होते. ती टोकदार अस्थी मँटेलला शिंग वाटली आणि नाकावर बसविली गेली. हॉकिन्सनेही ती तेथेच ठेविली.

काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. प्रथम मातीची लहान प्रतिकृती करून ती ओवेनला दाखवावयाची. मग त्याच प्रमाणात पूर्ण आकाराची मातीची मूर्ती आणि तिच्यावरून साचा. मोठ्या जनावरांच्या बाबतीत नुसती मूर्ती करणे हेच संकट होते. इग्वानोडॉनच्या मातीच्या मूर्तीचे वजन सुमारे 30 टन भरले आणि ते सारे चार पायांवर तोलावयाचे. झाडाचा बुंधा किंवा खडक टेकू म्हणून द्यावा तर जनावर खोटे दिसणार. अखेर एका इग्वानोडॉनसाठी 600 विटा, मोरीची 650 अर्धगोल कौले, 900 साधी कौले, सिमेंटची 38 पिंपे आणि फोडलेल्या दगडांची 90 पिंपे लागली. शिवाय 9 फूट उंचीचे चार लोखंडी खांब. चार खांबांवर घर बांधण्यासारखेच हे काम होते, आणि हॉकिन्स स्वतःही त्याची तुलना घरबांधणीशी करी. गवंडीकाम ज्यांच्या घरी झाले आहे त्यांना हा हिशेब वाचून त्या माणसाविषयी आपुलकी वाटल्याशिवाय राहणार नाही.

31 डिसेंबर 1853 च्या रात्री त्याने इग्वानोडॉनच्या साच्यातच मेजवानी दिली. वीस-एकवीस पाहुणे त्या पोटात बसले, ओवेन अर्थातच डोक्याच्या बाजूला. वर क्युव्हिए, बकलंड, ओवेन आणि मँटेल यांच्या नावांच्या पाट्या लावल्या होत्या. मँटेल वर्षभरापूर्वीच निवर्तला होता. ज्याने आयुष्याची कमाई त्या हाडांपायी घालविली त्याचे नाव तेवढे वर टांगलेले, आणि त्याचा प्रतिस्पर्धी खाली जेवावयास बसलेला. वर्तमानपत्रांनी मेजवानीची चित्रे छापली आणि हॉकिन्सला हवी होती ती प्रसिद्धी मिळाली.

ही नुसती तमासगिरी होती असे मात्र कोणी समजू नये. 17 मे 1854 रोजी त्याने लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्समध्ये एक व्याख्यान दिले. विषय होता भूगर्भशास्त्र डोळ्यांवाटे शिकविण्याचा. त्याचा मुद्दा साधा होता. पुस्तकांत लांबलचक नावे आहेत, पण नावामागची वस्तू कोणाला दिसत नाही. संग्रहालयात वस्तू आहे, पण ती विस्कटलेल्या हाडांच्या रूपात, जाणत्यांपुरती. वस्तू आधी डोळ्यांपुढे उभी करावी, मग नाव द्यावे, म्हणजे ते नाव राहते. म्हणूनच बेटांवरची मांडणीसुद्धा काळाच्या क्रमाने केलेली होती. खडकांचे जुने थर, त्यांतले जुने प्राणी, मग पुढचे थर, पुढचे प्राणी. फिरत फिरत मूल कोट्यवधी वर्षे ओलांडून जाई आणि आपण धडा शिकलो हे त्याला कळतही नसे. आपल्याकडे मोठ्या शहरातसुद्धा शाळेची सहल निघाली की मुलांना रांगेत उभे करून पाट्या उतरवून घ्यावयास लावतात, त्यांना हा मनुष्य हसला असता.

10 जून 1854 रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हस्ते काचमहालाचे उद्घाटन झाले. सुमारे 40,000 लोक जमले होते. पुढे प्रतिमांच्या लहान प्रतिकृती शाळांसाठी विकावयास निघाल्या आणि वर्गाच्या भिंतीवर लावण्याचे सहा मोठे तक्तेही हॉकिन्सने काढले. 1855 साली पंच या विनोदी साप्ताहिकाने एक व्यंगचित्र छापले. भेदरलेला मुलगा, त्याचा हात धरून त्या राक्षसी सरड्यांतून ओढीत नेणारे मास्तर, आणि ज्ञान नको म्हणून पाय रोवणारा शिष्य! थट्टा झोंबणारी खरी, पण तीत सत्य होते. तो मुलगा घाबरला, कारण त्याला ते जनावर खरे वाटले. भिंतीवरच्या तक्त्याला कोणी घाबरत नाही.

याच वर्षी कंपनीचा हात आखडला. खर्च अंदाजाबाहेर गेला होता. मॅमथसारखे प्राणी व्हावयाचे राहिले. हॉकिन्सने व्याख्यानांवर गुजराण केली आणि 1868 साली तो अमेरिकेला गेला.

तेथे प्रथम त्याला यश आले. न्यू जर्सीतील हॅडनफिल्ड येथे 1858 साली सापडलेली हॅड्रोसॉरसची हाडे फिलाडेल्फियाच्या निसर्गविज्ञान अकादमीत पडून होती. जोसेफ लायडी आणि एडवर्ड कोप यांच्या साहाय्याने हॉकिन्सने ती जोडली. जी हाडे नव्हती ती प्लॅस्टरची केली. कवटी मुळीच नव्हती, तेव्हा इग्वानाची कवटी नमुना म्हणून घेऊन तीही घडविली. नोव्हेंबर 1868 मध्ये जगातील पहिला उभा केलेला डायनोसॉरचा सांगाडा लोकांपुढे आला, आणि तोही मागच्या दोन पायांवर. सिडनमचे चार पायांचे गेंडे काढणाऱ्या त्याच हाताने हे केले! गर्दी इतकी लोटली की अकादमीला ती कमी व्हावी म्हणून प्रवेशशुल्क बसवावे लागले आणि पुढे मोठ्या इमारतीत जावे लागले.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सिडनमहून मोठे दालन उभारण्याचे काम अँड्र्यू ग्रीनच्या मंडळाने त्याला दिले. अमेरिकेचे प्राणी अमेरिकेच्या मुलांना दाखवावेत असा बेत होता. पाया खणला गेला, कारखान्यात मूर्ती तयार होऊ लागल्या. 1870 साली शहराची सत्ता विल्यम ट्वीडच्या टोळीकडे गेली आणि वर्ष संपण्यापूर्वी योजना रद्द झाली. 3 मे 1871 रोजी मजूर हॉकिन्सच्या कारखान्यात शिरले आणि त्यांनी घणांनी मूर्ती व साचे फोडून टाकले. तुकडे उद्यानातच पुरले गेले असे सांगतात.

इतकी वर्षे हे पाप ट्वीडच्या माथी मारले जात होते. 2023 साली ब्रिस्टल विद्यापीठाच्या विकी कूल्स आणि मायकेल बेंटन यांनी जुनी दप्तरे तपासून दाखविले की हुकूम हेन्री हिल्टन नावाच्या वकिलाचा होता. तो उद्यान मंडळाचा कोषाध्यक्ष. या गृहस्थाला वस्तू पांढऱ्या रंगविण्याचे विलक्षण वेड होते. ब्राँझच्या पुतळ्याला त्याने पांढरा रंग दिला, आणि संग्रहालयातल्या देवमाशाच्या सांगाड्यालासुद्धा! धर्मवेड नव्हे, राजकारणही फारसे नव्हे. ज्याला काही कळत नाही आणि ज्याच्या हाती अधिकार आहे असा मनुष्य, एवढेच.

घरचेही सारे सुरळीत नव्हते. पहिली पत्नी हयात असताना त्याने 1836 साली दुसरा संसार थाटला होता आणि ही गोष्ट दुसऱ्या पत्नीला जवळजवळ चाळीस वर्षांनी समजली. तिने त्याला दूर केले. पहिली वारल्यानंतर 1883 साली दोघांचा रीतसर विवाह झाला खरा, पण चरित्रनायकाचा हा दोष झाकून ठेवण्याचे कारण नाही. मुलांना खरे दाखविण्याचा ध्यास घेतलेल्या माणसाने घरात एवढे मोठे असत्य सांभाळले.

तो 1870 नंतरची काही वर्षे प्रिन्स्टनच्या महाविद्यालयासाठी पुरातन प्राण्यांची चित्रे काढीत होता. 1878 साली तो इंग्लंडला परतला. त्याच वर्षी बेल्जममधील बेर्निसार येथील कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे पुरे सांगाडे सापडले आणि कळून चुकले की नाकावरचे ते शिंग म्हणजे अंगठ्याचे नख आहे. आपल्या हातून झालेली चूक त्या म्हाताऱ्याच्या हयातीतच उघडी पडली. 27 जानेवारी 1894 रोजी तो वारला. पुष्कळ दिवस पुस्तकांतून त्याच्या मृत्यूचे साल 1889 असे चुकीचे छापले जात होते.

चुकीचा आकार मुलांपुढे ठेवणे योग्य होते का, असा प्रश्न शिक्षक मंडळी विचारतात. माझे मत असे की, जेवढे ठाऊक होते तेवढे त्याने प्रामाणिकपणे दाखविले. अर्धवट ज्ञान पुरे होईपर्यंत थांबावयाचे ठरविले असते तर सिडनमच्या त्या मुलांच्या तीन पिढ्या काहीच न पाहता मोठ्या झाल्या असत्या. आपल्याच बाजूला बालासिनोरजवळच्या रैयोली येथे 1981 पासून हाडे मिळाली, त्यांवरून 2003 साली राजासॉरस हे नाव ठरले. तेथेही मुलांपुढे जी मूर्ती उभी करावयाची तिच्यात कातडीचा रंग अंदाजानेच द्यावा लागतो.

काचमहाल 30 नोव्हेंबर 1936 रोजी जळून गेला. तळ्याकाठची तीसेक जनावरे राहिली. 2007 साली त्यांना पहिल्या श्रेणीच्या वारशाचा दर्जा मिळाला. 2020 साली मेगॅलोसॉरसचा जबडा ढासळला, तेव्हा 2021 साली नवा बसविण्यात आला. इग्वानोडॉनच्या नाकावरचे शिंग मात्र कोणी काढले नाही. ते अजून तेथेच आहे, आणि ते पाहावयास आलेल्या मुलांना त्यांचे शिक्षक ते चुकीच्या जागी का बसले हे सांगतात.