महात्मा जोतीराव फुले : शाळेइतकाच तळ्याचाही विचार करणारे शिक्षक



११ एप्रिल किंवा २८ नोव्हेंबर जवळ आला की आपण मुलांकडून महात्मा फुल्यांवर भाषणं बसवून घेतो. मुलींची पहिली शाळा, भिडेवाडा, सत्यशोधक समाज हे मुद्दे मुलांना पाठ असतात. पण याच जोतीरावांनी गावातलं पाणी कसं अडवावं, तळी कुठे बांधावीत, याची नीट योजना मांडली होती, हे आपण सांगायचं विसरतो. आज तेच सांगते.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं कटगुण. वडील गोविंदराव पुण्यात फुलं-भाजीपाल्याचा व्यवसाय करत. म्हणजे माती आणि पाणी हा घरातलाच विषय. लहानपणी शाळा सुटली तेव्हा जोतीराव वडिलांबरोबर मळ्यात राबले. पुढे मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४८ मध्ये सावित्रीबाईंच्या साथीने मुलींची शाळा काढली. ही गोष्ट तुम्हाला माहीत आहेच.

आता दुसरी बाजू बघा. जोतीराव कंत्राटदारही होते. पुण्याजवळ मुठा नदीवर खडकवासल्याचं धरण बांधलं जात होतं, त्या कामाला त्यांनी माल पुरवला. धरण कसं उभं राहतं, मजूर कसे राबतात, हे त्यांनी जवळून पाहिलं. कालव्याचं पाणी आलं म्हणजे शेतकरी आपोआप सुखी होतो असं नाही, हेही त्यांच्या ध्यानात आलं.

पाणी कोणाचं, हा प्रश्न तर त्यांच्या अंगणातच उभा होता. तेव्हा अस्पृश्य मानलेल्या माणसांना सार्वजनिक पाणवठ्यावर जाता येत नसे. १८६८ मध्ये जोतीरावांनी स्वतःच्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. आपल्या जातीचे लोक काय म्हणतील याची पर्वा केली नाही.

मग १८७६-७७ चा भयंकर दुष्काळ आला. उपाशी मुलांसाठी धनकवडीला जेवणाची सोय करण्यात जोतीराव आणि सत्यशोधक मंडळी पुढे होती. १८८३ मध्ये त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्यात नुसतं दुःख नाही, उपायही आहेत. पाण्याबद्दलचे उपाय माझ्या शब्दांत असे :

१. डोंगर-टेकड्यांच्या उतारावर जागोजाग बांध-ताली घालाव्यात. पावसाचं पाणी आधी शेतात मुरावं आणि मगच ओढ्या-नाल्याला मिळावं. असं केलं की सुपीक माती वाहून जात नाही.

२. लष्कर आणि पोलिसांतली जी माणसं रिकामी असतील, त्यांच्याकडून हे काम करून घ्यावं.

३. दऱ्याखोऱ्यांत सोयीच्या जागी जमतील तितकी लहान-मोठी तळी बांधावीत. म्हणजे खालच्या ओढ्यांना उन्हाळ्यातही पाणी राहतं आणि विहिरींना पाझर फुटतो.

४. जमिनीखाली पाणी कुठे आहे ते जाणकार पाणाड्यांकडून शोधून गावच्या नकाशावर खुणा कराव्यात. स्वतःच्या हिमतीवर विहीर खोदणाऱ्याला सरकारने बक्षीस द्यावं.

५. नदी-नाले आणि तळ्यांत साचलेला गाळ शेतकऱ्यांना शेतात नेऊ द्यावा.

या पाच गोष्टींचा क्रम मुलांना नक्की समजावून सांगा. आधी उतारावर पाणी थांबवायचं, मग तळं. हे उलटं केलं तर वरची सगळी माती वाहत येऊन तळ्यात बसते आणि थोड्याच वर्षांत तळं उथळ होतं. पाचवा उपायही तितकाच महत्त्वाचा. गाळ काढला की तळं खोल होतं आणि शेताला फुकटचं खत मिळतं. एका दगडात दोन पक्षी!

पालकहो, आज आपल्या भागात शेततळी दिसतात. खाली प्लास्टिकचा कागद घातलेलं तळं पाणी साठवतं, पण मुरवत नाही. ते एका शेतकऱ्याच्या गरजेला उपयोगी पडतं, यात शंका नाही. मात्र विहिरीचं पाणी उपसून ते भरलं, तर शेजाऱ्याची विहीर आटू शकते. जोतीरावांच्या मनातलं तळं वेगळं होतं. वर अडवलेल्या पाण्याने खालच्या सगळ्यांच्या विहिरी भराव्यात, असं ते तळं. हौद खुला करणारा माणूस तळ्याचा विचारही असाच करणार, नाही का?

१८८८ मध्ये पुण्यात राजपुत्राच्या स्वागताचा समारंभ होता. तिथे जोतीराव शेतकऱ्याच्या साध्या वेशात गेले आणि खरा देश खेड्यात आहे याची जाणीव करून दिली. त्याच वर्षी मुंबईत लोकांनी त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. १८९० मध्ये त्यांचं निधन झालं.

आता एक छोटा उपक्रम. पहिला मोठा पाऊस झाला की मुलांना शाळेच्या मैदानात न्या. पाणी कुठून येतं, कुठे जातं, कुठे गढूळ होतं, ते वहीत काढू द्या. मग ओल्या मातीचा वीतभर बांध घालायला सांगा आणि बांधाच्या वर काय साचलं ते बघायला लावा. वर माती बसलेली आणि खालून निवळ पाणी झिरपताना दिसलं की जोतीरावांचा पहिला उपाय मुलांना वेगळा शिकवावा लागणार नाही.

यंदा जयंतीच्या भाषणात चार ओळी पाण्यावरही असू द्या. शाळा आणि तळं, दोन्ही सगळ्यांसाठी असायला हवं, हे मुलांना कळलं तरी खूप झालं.