पक्षिमित्र डॉ. सलीम अली

छत्रपती संभाजीनगर म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. या शहरात दिल्ली दरवाजाजवळ, हिमायत बागेसमोर एक तलाव आहे. जुने लोक त्याला खिजरी तलाव म्हणत. आज त्याचे नाव सलीम अली सरोवर आहे. तुमच्यापैकी काहीजण त्याच्या काठावरून रोज शाळेत येत असतील. हिवाळ्यात तेथे दोन मिनिटे थांबून पाहा. पाण्यावर पांढऱ्या कपाळाचे काळे पक्षी पोहताना दिसले, तर ते वारकरी. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी लाल ठिपका असलेले बदक दिसले, तर ते हळदी-कुंकू. घरी आपण या सगळ्यांना मुर्गाबी म्हणून मोकळे होतो. मराठीत मात्र प्रत्येकाला वेगळे नाव आहे, आणि ती नावे मोठी गमतीची आहेत.

ज्यांचे नाव या तलावाला दिले, ते सलीम अली राजे नव्हते, मंत्रीही नव्हते. त्यांनी आयुष्यभर एकच काम केले. त्यांनी पक्षी पाहिले.

सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका बोहरा कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या मुलांना खेतवाडीच्या आपल्या घरी वाढवले. मामांना शिकारीचा शौक होता. त्या काळी शिकार करणे वाईट समजले जात नसे, म्हणून भाच्याच्या हातातही छर्ऱ्याची बंदूक आली.

एके दिवशी सलीमने एक चिमणी मारली. हातात घेऊन पाहिली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. घरात येणाऱ्या चिमण्यांना असा डाग नसतो. सलीमने ती मामांना दाखवली. मामांनाही तिचे नाव सांगता आले नाही. पण त्यांनी हसून विषय सोडून दिला नाही. त्यांनी मुलाच्या हाती चिठ्ठी दिली आणि त्याला मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत पाठवले. ही संस्था १८८३ साली सुरू झाली होती आणि आजही आहे. तेथील सचिव मिलार्ड हे इंग्रज गृहस्थ होते. त्यांनी तो पक्षी ओळखला, कपाटांचे खण उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी त्या मुलाला दाखवले आणि पक्ष्यांची नोंद कशी ठेवावी हेही शिकवले. मला या गोष्टीत मामांचे फार कौतुक वाटते. आपल्याला जे ठाऊक नाही, ते ज्याला ठाऊक आहे त्याच्याकडे मूल पाठवणे, हे सगळ्यांना जमत नाही.

यापुढे सगळे सुरळीत झाले असे समजू नका. सलीम अलींचे कॉलेजात मन रमले नाही. भावाच्या व्यवसायासाठी ते ब्रह्मदेशात गेले. तेथे खाणीच्या आणि लाकडाच्या व्यवहारापेक्षा जंगलातील पाखरांकडे त्यांचे लक्ष जास्त. धंदा बुडाला. १९१८ साली त्यांचे तहमिना यांच्याशी लग्न झाले. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारच्या प्राणिशास्त्र खात्यात त्यांना जागा मिळाली नाही. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी मिळाली. पुढे ते जर्मनीला गेले आणि बर्लिनमध्ये स्ट्रेसमान या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाजवळ शिकले. १९३० साली परत आले, तर पैशाअभावी ती नोकरीच रद्द झालेली!

हातात काम नाही. घरभाडे परवडत नाही. तेव्हा नवराबायको अलिबागजवळ किहीम या गावी समुद्रकाठच्या घरात राहायला गेले. जवळच एका झाडावर सुगरणींची वस्ती होती. सुगरण म्हणजे आपला बया. सलीम अलींनी शिडी उभी केली, तिच्यावर कापडाचा आडोसा केला आणि त्यात ते तासन्‌तास बसू लागले.

त्यांनी काय पाहिले, ते ऐका. घरटे विणतो तो नर. अर्धे झाले की माद्या पाहायला येतात. आत शिरतात, चोचीने ओढून पाहतात. घरटे पसंत पडले तर मादी तेथे राहते आणि मग नर ते पूर्ण करतो. मादी अंड्यांवर बसली की नर शेजारी दुसरे घरटे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. पसंत न पडलेली घरटी तशीच लोंबत राहतात. आपण घरटे सुंदर आहे असे म्हणून पुढे जातो. सलीम अलींनी नर कोण, मादी कोण, कोणत्या दिवशी कोण आत गेले, याची नोंद केली. यात ना महाग यंत्र होते, ना पगार. त्यांचा हा अभ्यास छापून आला, तेव्हा मोठमोठ्या विद्वानांनी त्याची दखल घेतली.

तोपर्यंत हिंदुस्थानातील बहुतेक अभ्यासक पक्षी मारून त्यांची कातडी जमवत आणि त्यांचे वर्ग पाडत. सलीम अलींनीही पुष्कळ पक्षी मारून जमवले होते, हे लपवायचे कारण नाही. पण त्यांना आता दुसरेच प्रश्न पडू लागले. हा पक्षी काय खातो? याच जागी का राहतो? पिले कधी काढतो? ही उत्तरे मेलेल्या पाखरात सापडत नाहीत.

नोकरी नव्हतीच. म्हणून त्यांनी संस्थानांना विचारले, तुम्ही फक्त प्रवासाचा आणि तंबूचा खर्च द्या, मी तुमच्या मुलखातील पक्ष्यांची पाहणी करतो. १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तहमिना त्यांच्याबरोबर रानात राहत. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. सलीम अलींनी पुन्हा लग्न केले नाही. भारतीय पक्ष्यांविषयीचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १९४१ साली निघाले, तेव्हा ते पाहायला तहमिना नव्हत्या.

आता पाण्यावरच्या पाखरांकडे येऊ. गुजरातेत कच्छचे रण आहे. पावसाळ्यानंतर तेथे उथळ खारे पाणी साचते. १९४५ साली सलीम अली त्या रणात रोहित पक्ष्यांची वीण पाहायला गेले. त्यांच्या अंदाजाने तेथे सुमारे पाच लाख पक्षी होते. रोहित चिखलाचा उंचवटा रचतो आणि त्यावर बहुधा एकच अंडे घालतो. पाणी वाढले तर अंडे बुडते. पाणी आटले तर कोल्हे चालत येतात. म्हणजे ठरावीक खोलीचे पाणी पुरेसे दिवस टिकले, तरच पिलू जगणार. ज्या वर्षी असे पाणी नसते, त्या वर्षी ते तेथे घरटी करीत नाहीत. पक्षी पंचांग पाहून घरटी करीत नाहीत. ते पाणी आणि पिलांचे खाणे पाहून करतात.

आपल्याकडची बदकेही तशीच. हळदी-कुंकू बदक पाण्याकाठच्या गवतात घरटे करते आणि मादी त्यात स्वतःची मऊ पिसे अंथरते. अडई झाडाच्या ढोलीत किंवा पाणगवतात अंडी घालते. नकटा नावाचे मोठे बदक तर उंच ढोलीत राहते आणि त्याची पिले ढोलीतून खाली उडी मारतात. (नराच्या चोचीवर एवढा मोठा उंचवटा असून त्याला नकटा का म्हणतात, हे मला विचारू नका.) बदकाची पिले अंड्यातून निघाल्यावर लवकरच आईमागे पोहू लागतात. कमळपक्ष्याची तऱ्हा तर सुगरणीच्या उलट. तेथे मादी अनेक नरांशी जोडी करते, आणि अंडी उबवून पिले सांभाळतो तो नर. या सगळ्यांना काठाचे गवत हवे, उथळ पाणी हवे, जुनी झाडे हवीत. नुसते खोल पाणी असून भागत नाही.

हिवाळ्यात दिसणारी बहुतेक बदके मात्र आपल्याकडे पिले काढत नाहीत. थापट्या, तलवार बदक, चक्रांग हे उत्तरेकडून येतात. नेमके कोठून? राजस्थानात भरतपूरजवळ एक मोठे उथळ तळे आहे. संस्थानिकांनी ते बदकांच्या शिकारीसाठी राखले होते. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉयच्या मंडळींनी तेथे एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले. योगायोग असा की, त्याच दिवशी सलीम अलींना ४२ वर्षे पूर्ण झाली. स्वातंत्र्यानंतर ते तळे आटवून शेती करावी अशी मागणी झाली. सलीम अली विरोधात उभे राहिले आणि तळे वाचले.

पुढे तेथे पक्ष्यांच्या पायांत कड्या घालण्याचे काम सुरू झाले. त्याची कथाही गमतीची आहे. १९५७ साली कर्नाटकाच्या जंगलात माकडांना आणि माणसांना एक नवा ताप आला. तो गोचिडांमुळे पसरत होता. रशियातील एका रोगाशी त्याचे साम्य दिसले. तेव्हा शंका आली की, तेथून येणारे पक्षी गोचीड आणतात की काय. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने या कामाला मदत केली. पक्षी पकडायला बिहारचे मीरशिकार बोलावले. पाखरे पकडून विकणे हा त्यांचा पिढीजात धंदा. तेच लोक आता पक्षी अलगद धरून देऊ लागले. पायात हलकी कडी घालायची, तिच्यावर क्रमांक आणि संस्थेचा पत्ता, आणि पक्षी सोडून द्यायचा. काही महिन्यांनी सायबेरियातून खबर येई की, अमुक क्रमांकाचे बदक येथे मिळाले. एवढ्याशा कडीने हजारो किलोमीटरचा रस्ता दाखवला.

याच भरतपूरला सलीम अलींची एक गोष्ट चुकली. तीही सांगायला हवी. म्हशींच्या चरण्यामुळे पाखरांचे नुकसान होते, असे त्यांचे मत होते. चराई बंद व्हावी असा त्यांचा आग्रह होता. १९८२ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि चराई बंद झाली. गावकऱ्यांची गुरे तेथेच चरत आलेली. चकमक झाली, पोलिसांच्या गोळीबारात काही गावकरी मेले. आणि म्हशी गेल्यावर काय झाले? गवत माजले, त्याने उथळ पाणी झाकून टाकले आणि पक्षी कमी होऊ लागले. हे शोधून काढले ते सलीम अलींच्याच संस्थेतील अभ्यासकांनी, कित्येक वर्षे मोजमाप करून. त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांच्या मताविरुद्ध जाणारा निष्कर्ष दडवला नाही, छापला. गेलेली माणसे मात्र परत आली नाहीत.

डिलन रिप्ली या अमेरिकन मित्राबरोबर सलीम अलींनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंड लिहिले. ते १९६८ ते १९७४ या काळात निघाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. परदेशातील एका मोठ्या पुरस्काराचे पैसे त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामासाठी दिले. १९८५ साली ते राज्यसभेवर नेमले गेले. २० जून १९८७ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्याच्या एकच वर्ष आधी, १९८६ मध्ये, आपल्या पैठणचा नाथसागर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता. सलीम अली निजामाच्या मुलखात हिंडत होते तेव्हा तेथे नुसती गोदावरी वाहत होती. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झाले. पसरट, उथळ पाणी. उन्हाळ्याकडे ते मागे सरकते आणि मैलोगणती चिखल उघडा पडतो. किडे, शिंपले, पाणवनस्पती यांची तेथे मेजवानीच. रोहित येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात.

मागच्या हिवाळ्यात मी वर्गातील मुलांना सलीम अली सरोवराच्या काठावर घेऊन गेलो. प्रत्येकाजवळ वही होती. काठाला जलपर्णी माजली होती आणि पाण्याला वास येत होता, तरी वारकरी होते. मी सात मोजले. मुलांनी अकरा मोजले. आम्ही पुन्हा मोजले. चार जलपर्णीच्या मागे होते.